चोंढी फाट्यावरची कुत्री

वरात दारी लागली की गेंदीला कुणी विचारत नाही.
नवरदेव उतरतो, फेटा सावरतो, आत जातो.
मी ओढणीनं तिच्या तोंडाचा फेस पुसते,
दोनशे कमी दिले म्हणून मंडपवाल्याशी भांडते,
आणि रात्री दीडला निघते. दिग्रसहून घर
चौदा किलोमीटर. अर्धे बसून, अर्धे तिच्या बाजूनं चालत.

दोन्हीकडे उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग,
कुठूनतरी मोहाचा गोडसर वास.
चोंढी फाट्याला बंद जिनिंगची भिंत आहे,
भिंतीमागं कोंबडीवाल्याचा उकिरडा.
तिथून येतात.
आधी एक. मग मी मोजत नाही.

बाबानं खाटेवरून शिकवलंय, पाय पलस्तरात:
"पयू नोको. पयली का तू शिकार झाली.
घोडीचं तोंड त्याइच्याकडे कर, पाठ दाखवू नोको.
लगाम ढिल्ला ठेव, तुया हात कापला का तिले समजते.
अन् बोल. काहीबी बोल. पाढे म्हन.
खाली मात्र उतरू नोको, पोट्टे. खाली उतरलं का
तूबी त्याइच्याएवढीच."

म्हणून मी म्हणते. भर रस्त्यात, अंधारात,
तेर चोक बावन्न, तेरा पाचे पासष्ट,
आणि गेंदी एकेक पाऊल त्यांच्या अंगावर घालते,
आणि कुत्री, खरं सांगते, बुचकळ्यात पडतात.
भुंकणं तसंच, पण पाय मागं.
एक बसतं. एक खाजवायला लागतं.

फक्त तो पट्ट्यापट्ट्यांचा हटत नाही.
तेर सक अठ्ठ्याहत्तरला तो पोटाखालून शिरला,
गेंदीनं लाथ झाडली ती हवेत,
मी आयाळीला लोंबकळले,
नथनीसारखी.

तीन लग्नं असं झालं.
चौथ्या रात्री चांदणं होतं. आम्ही अजून पुलावर,
त्याला आम्ही दिसतसुद्धा नव्हतो,
तर तो आधीच उठून उभा. कान आवाजाकडे.
छुन् छुन्. गेंदीच्या पायातले घुंगरू.
जवळ आला तेव्हा शेपूट दिसली.
अर्धीच. उरलेल्यावर केस नाहीत,
गुलाबी, चकचकीत कातडी.

हे शेपूट मी पाहिलं होतं.
उंबर्ड्याची वरात, माघातली.
नवरदेवाच्या मामेभावानं कुत्र्याला लवंगीची माळ बांधली,
ते आमच्या पायांतून धावलं, धूर, टाळ्या,
गेंदी मागच्या दोन पायांवर उभी राहिली.
घोडी काय नाचली म्हणून
दोनशे जास्तीचे मिळाले मला.
मी घेतले.
ती नाचली नव्हती.

मग मी उतरले.
बाबाचं ऐकलं नाही, हे लिहून ठेवते.
घुंगरांचे पट्टे सोडले, चारी पायांचे,
मखमली झूल काढली, तिला अजून दारूचा वास होता,
फटाक्याच्या दारूचा. सगळं पोत्यात कोंबलं.
तो चार हातांवर गुरगुरत उभा.
पाढा आठवेना.
मी म्हटलं, "जाऊ दे न बाप्पा."

जाऊ दिलं असं नाही. नाल्यापर्यंत मागं आला,
पूर्ण वेळ गुरगुरत,
जसा एखादा म्हातारा पैसे मोजून घेतो.

बाबा चिडले. "घुंगरू म्हंजे हार्न हाय आपला.
मांगून ट्रक आला तं त्याले काय समजन?"
बरोबर आहे त्यांचं. फाट्यावर आता मी
मोबाइलची बत्ती मागं धरून चालते.

आज सकाळी पट्टे धुऊन वाळत घातले.
वाऱ्यानं वाजले.
गोठ्यात गेंदी चारा खात होती,
तिचे कान सपकन मागं गेले,
मानेला चिकटले.
आठ वर्षं मी तिच्या पाठीवर आहे.

उद्या मानोऱ्याची वरात.
डीजेवाल्याचा फोन दोनदा येऊन गेला.